फल्लीदाणे, पातळ भाजी आणि हिरवी कॅप्सूल

आपल्या पांढुर्णा-सौंसरकडच्या माणसाला जीवनसत्त्व म्हटलं की पहिला आठवतो तो संत्रा. बरोबरच आहे, ‘सी’ जीवनसत्त्व त्यात भरपूर. पण त्याच संत्र्यात ‘ई’ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. १०० ग्रॅम गरात ०.२ मिलिग्रॅमही भरत नाही. ‘ई’ आपल्याकडे दुसऱ्याच ठिकाणी आहे. फल्लीदाण्यांच्या डब्यात, करडीच्या तेलात, पालकाच्या जुडीत, आणि बैलांसाठी आणलेल्या सरकीच्या पोत्यातसुद्धा. त्याचं नाव मात्र आपल्याला ऐकू येतं ते मेडिकलच्या दुकानात, हिरव्या कॅप्सूलच्या पत्त्यावर.

मी डॉक्टर नाही. नागपूरला बीई केलं आणि पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. पण गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या मंडळींच्या भेटीगाठींत हा विषय इतक्यांदा निघाला, की शेवटी मी नीट वाचायला बसलो. कुणी ती कॅप्सूल फोडून चेहऱ्याला लावतं, कुणी केसांसाठी रोज एक घेतं, कुणी ‘हृदयाला चांगली’ म्हणून आईवडिलांना सुरू करून देतं. मला सवय आकडेमोडीची, म्हणून मी पत्त्यावरचा आकडा आणि ताटातला आकडा शेजारी शेजारी मांडून पाहिला. त्यातून जे समोर आलं ते आपल्या पिढीतल्या सगळ्यांना, आणि विशेष करून ज्यांचे आईवडील अजून गावी आहेत त्यांना सांगावंसं वाटलं.

थोडा इतिहास आधी. १९२२ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट एव्हान्स आणि कॅथरीन बिशप उंदरांच्या आहारावर काम करत होते. ठरावीक चरबीयुक्त खुराकावर उंदरीण वाढायची चांगली, पण गर्भ पोटातच जिरून जायचा. लेट्यूसची पानं दिली, पुढे गव्हाच्या अंकुराचं तेल दिलं, तर पिल्लं नीट जन्मायला लागली. ए, बी, सी, डी ही अक्षरं वापरून झाली होती, म्हणून याला ‘ई’ मिळालं. १९३६ मध्ये तो पदार्थ गव्हाच्या अंकुराच्या तेलातून वेगळा काढला आणि त्याला टोकोफेरॉल हे नाव दिलं. ग्रीक भाषेत ‘टोकोस’ म्हणजे बाळंतपण, अपत्यजन्म. मूल होण्यासाठी हे जीवनसत्त्व घ्यावं, ही समजूत त्या उंदरांपासून चालत आली आहे. माणसांच्या बाबतीत तसा ठोस पुरावा मिळालेला नाही.

हे शरीरात करतं काय? आपल्या प्रत्येक पेशीभोवतीचा पडदा स्निग्ध पदार्थांचा बनलेला असतो. तेल उघडं राहिलं की खवट होतं, तसाच हा पडदाही ऑक्सिजनच्या माऱ्याने खराब होऊ शकतो, आणि एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, अशी साखळी लागते. ‘ई’ त्या पडद्यातच बसलेलं असतं आणि साखळी तोडतं. घरातल्या जुन्या फ्यूजसारखं: स्वतः जळतं, पण पुढची वायरिंग वाचवतं. आणि गंमत म्हणजे जळालेला फ्यूज पुन्हा कामाला लावण्याचं काम ‘सी’ जीवनसत्त्व करतं. म्हणजे संत्रा या गोष्टीतून अगदीच बाहेर नाही. रक्तातल्या लाल पेशी, मज्जातंतू, डोळ्यांचा पडदा, रोगप्रतिकारशक्ती या सगळ्यांना याची गरज असते.

निरोगी माणसाला याची खरी कमतरता सहसा होत नाही. ती दिसते अपुऱ्या दिवसांच्या बाळांत, ज्यांना पित्ताच्या किंवा आतड्याच्या आजारामुळे स्निग्ध पदार्थ पचत नाहीत अशांत, आणि एका फार दुर्मीळ आनुवंशिक दोषात. तोल जाणं, हातापायांची संवेदना कमी होणं अशी तिची लक्षणं असतात. केस गळणं किंवा चेहऱ्यावर डाग पडणं याला ‘ई’ची कमतरता समजून बसू नये. त्यामागे बहुतेक वेळा दुसरीच कारणं निघतात.

आपल्या ताटात किती?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या हिशोबाने प्रौढ माणसाला दिवसाला ७.५ ते १० मिलिग्रॅम ‘ई’ पुरतं. अमेरिकेत हा आकडा १५ आहे, बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईसाठी १९. पुढचे अन्नातले आकडे अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यातले आहेत; आपल्या वाणाप्रमाणे, जमिनीप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतील.

कच्च्या फल्लीदाण्यांत १०० ग्रॅमला ८ मिलिग्रॅमच्या थोडं वर. मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम दाणे खाल्ले की अडीच मिलिग्रॅम झालं. फल्लीच्या तेलात १०० ग्रॅमला सुमारे १६, करडीच्या तेलात ३४, सूर्यफुलाच्या तेलात ४१. बदामात २५, सूर्यफुलाच्या बियांत ३५. शिजवलेल्या पालकात २. साध्या चक्कीच्या कणकेत पाऊणच, पण पोळ्या आपण दिवसभर खातो त्यामुळे भर पडते. मैद्यात मात्र गव्हाचा अंकुरच काढून टाकलेला असतो, आणि सगळा माल त्या अंकुरात. लाल तिखटाचा आकडा पाहून तर मी हसलोच. वाळलेल्या लाल मिरचीच्या पुडीत १०० ग्रॅमला २९ मिलिग्रॅम! आता सावजी रस्सा औषध म्हणून खायचा का, तर नाही. चमचाभर तिखटात पाऊण मिलिग्रॅमही येत नाही. पण आपली आजी विनाकारण बदनाम झाली असं वाटलं खरं.

आपला तालुका मध्य प्रदेशात असला तरी स्वयंपाकघर विदर्भाचंच आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर पलीकडे गेलं आणि छिंदवाडा जिल्हा अलीकडे राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. पण नकाशावरच्या या रेघांनी ज्वारीची भाकर, झुणका, तुरीचं वरण, जवसाची चटणी आणि पालकाची पातळ भाजी काही बदलली नाही. त्यातल्या पातळ भाजीत पालक, फल्लीदाणे आणि वरून तेलाची फोडणी, तिन्ही ‘ई’चे स्रोत एकाच भांड्यात येतात. हे कुणी आहारशास्त्र वाचून ठरवलेलं नाही, शेतात जे होतं ते चुलीवर गेलं.

एका बाबतीत माझा अंदाज चुकवणारे आकडे निघाले, तेही सांगतो. जवस आणि तीळ यांना आपण सगळ्या गुणांचे राजे मानतो. त्यांत टोकोफेरॉल आहे, पण बहुतेक ‘गॅमा’ प्रकारचं. आपलं यकृत रक्तात राखून ठेवतं ते मुख्यतः ‘अल्फा’ प्रकारचं, आणि आहाराचे आकडे अल्फाचेच मोजतात. सोयाबीनच्या तेलातही गॅमा जास्त, अल्फा १०० ग्रॅमला ८ च्या आसपास. म्हणून जवस खायचा नाही असं नाही. त्यातलं ओमेगा-३ दुसरीकडे सहज मिळत नाही, तिळात कॅल्शियम आहे. फक्त ‘ई’साठी जवसावर विसंबू नये. तूप आणि खोबरेल तेल यांत तर ‘ई’ फारच थोडं.

सरकीची गंमत वेगळी. सरकीच्या तेलात १०० ग्रॅमला ३५ मिलिग्रॅम, म्हणजे फल्लीच्या दुप्पट. कापूस आपल्याकडे पिकतो, सरकी आणि ढेप गायी-बैलांना घालतो. पण घाण्यावरून सरकीचं कच्चं तेल आणून स्वयंपाकात वापरायचा विचारही करू नका. त्यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, ते शुद्धीकरणातच निघून जातं. जनावरांच्या चार पोटांना ते बऱ्यापैकी सोसतं, आपल्याला नाही.

घाणा की रिफाइंड?

हा प्रश्न आजकाल प्रत्येक घरात आहे. नागपूर-पुण्यात चौकाचौकात लाकडी घाण्याची दुकानं झाली आहेत. रिफाइंड तेलाचा वास घालवण्यासाठी ते निर्वात अवस्थेत २०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून त्यातून वाफ सोडतात. त्या वाफेबरोबर काही टोकोफेरॉलही निघून जातं. ते वाया जात नाही बरं का. सोयाबीन तेलाच्या कारखान्यात त्या वेळी जो गाळ जमतो, त्यातूनच बाजारातलं ‘नैसर्गिक’ ई जीवनसत्त्व काढतात आणि कॅप्सूलमध्ये भरतात. म्हणजे तेलातून काढलेलं आपल्यालाच वेगळ्या पत्त्यात, वेगळ्या भावाने परत मिळतं.

पण यावरून ‘रिफाइंडमध्ये काहीच उरत नाही’ हा निष्कर्ष काढणंही चूक. बरंचसं उरतं. रिफाइंड सूर्यफूल तेलात घाण्याच्या फल्ली तेलापेक्षा ‘ई’ जास्तच असतं, कारण मुळात सूर्यफुलातच ते जास्त आहे. घाण्याचं तेल चवीसाठी घ्या, वासासाठी घ्या, आपल्याच शेतातले दाणे डोळ्यांसमोर गाळून मिळतात म्हणून घ्या, मीही घेतो. ‘ई’साठी तिप्पट पैसे मोजायची गरज नाही. ‘ई’ला खरा धोका वेगळाच आहे: काचेच्या बाटलीत उन्हात ठेवलेलं तेल, आणि दिवाळीचं तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवून वापरणं. उजेड, हवा आणि तापमान यांत टोकोफेरॉल नासतं. आपल्या घरातली झाकणाची स्टीलची बरणी म्हणूनच बरी.

आमच्या वयाच्या मंडळींत दुसरंच टोक पाहतो. ‘झिरो ऑइल’ डबा, एअर फ्रायर, उकडलेल्या भाज्या आणि सोबत ‘ई’ची कॅप्सूल! हे जीवनसत्त्व तेलात विरघळतं. जेवणात स्निग्ध काही नसेल तर ते आतड्यात नीट शोषलंच जात नाही. दिवसाचं चार छोटे चमचे तेल आणि मूठभर दाणे बंद करून त्याची भरपाई दुकानातून आणायची, हा व्यवहार मला कधी पटलेला नाही. वजन कमी करायचं असेल तर आधी बिस्किटं आणि चहातली साखर कमी करून पाहा.

कॅप्सूलचा हिशोब

हिरव्या कॅप्सूलवर ४०० हा आकडा असतो. ही बहुधा कारखान्यात बनवलेली ‘डीएल-अल्फा’ जात. तिच्यात आठ प्रकारच्या रेणूंचं मिश्रण असतं आणि त्यातले निम्मेच शरीर नीट वापरतं. हा फरक धरून हिशोब केला तर ४०० चे उपयोगी मिलिग्रॅम १८० होतात. आपली रोजची गरज १० धरली तर एका गोळीत अठरा दिवसांचं. फल्लीदाण्यांत सांगायचं तर सव्वादोन किलो दाणे एका घोटात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने प्रौढांसाठी पूरक ‘ई’सह दिवसाची वरची मर्यादा ३०० मिलिग्रॅम धरली आहे. अन्नातून इतकं जाणं शक्यच नाही, गोळीतून सहज जातं.

यात जपायचं काय आहे, ते आमच्या घरात कळलं. सौंसरला असलेल्या माझ्या काकूंच्या हृदयाची झडप काही वर्षांपूर्वी बदलली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची, आणि दर महिन्याला रक्ताची आयएनआर तपासणी. त्यांच्या पायाला रात्री गोळे यायचे. चुलतभावाने शहरातून येताना प्रेमाने या कॅप्सूलचा मोठा डबा आणून दिला. महिना-दीड महिना रोज एक. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं, हातावर निळे डाग दिसले. तपासणीत आयएनआर फार वर गेलेला. नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, “औषधांत काही नवीन?” काकू म्हणाल्या, “नाही, औषध नवीन काहीच नाही.” वहिनीने आठवण करून दिली तेव्हा म्हणाल्या, “ते होय? ते तं तेलाचीच गोळी आहे, काय होते त्यानं!” डॉक्टरांनी ती त्याच दिवशी बंद केली, रक्ताच्या गोळीचं प्रमाण काही दिवस बदललं, आणि आकडा जागेवर आला.

जास्त मात्रेतलं ‘ई’ स्वतः रक्त गोठण्याच्या कामात अडथळा आणतं आणि वॉरफरिनसारख्या गोळीचा परिणाम वाढवू शकतं. अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. ऑपरेशन ठरलं असेल तर घेत असल्याचं आधी सांगावं. आपल्या वयाच्या किती जणांचे आईवडील यातली एखादी गोळी घेत असतील, मोजून पाहा. आणि त्यांना प्रश्न विचारताना ‘औषध कोणतं घेता’ एवढंच विचारू नका. ‘डब्यात अजून काय काय आहे’ असं विचारा, डबा स्वतः उघडून बघा. गावाकडे ताकदीची, तेलाची, जीवनसत्त्वाची गोळी औषधात धरत नाहीत.

हृदयासाठी म्हणून घेणाऱ्यांसाठी दोन मोठे अभ्यास सांगण्यासारखे आहेत. ‘होप’ नावाच्या चाचणीत साडेनऊ हजारांवर लोकांना चार-साडेचार वर्षं रोज ४०० युनिट नैसर्गिक ‘ई’ किंवा नुसती खोटी गोळी दिली. २००० साली निकाल आला: हृदयविकाराच्या झटक्यांत काहीच फरक नाही. त्यांतल्या बऱ्याच जणांवर पुढे आणखी काही वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा २००५ मध्ये ‘ई’ घेणाऱ्यांत हृदय कमजोर पडण्याचं प्रमाण उलट थोडं जास्त दिसलं. दुसरी ‘सिलेक्ट’. यात ३५,५३३ पुरुष होते, आणि ‘ई’ने प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का ते पाहायचं होतं. २०११ मध्ये जाहीर झालेल्या निकालात फक्त ‘ई’ घेणाऱ्या गटात हा कर्करोग १७ टक्के जास्त निघाला. आपल्या बाबांच्या वयाच्या पुरुषांना ही गोळी सहज हातात देण्याआधी एवढं माहीत असावं.

आता चेहरा. व्रणावर ‘ई’ लावल्याने तो फिका होतो का, यावर १९९९ साली अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला, फक्त १५ रुग्णांचा. बहुतेकांत काही फरक पडला नाही किंवा व्रण अधिक वाईट दिसला, आणि एक तृतीयांश जणांना लावल्या जागी पुरळ आलं. पंधराच माणसं, म्हणून याला शेवटचा शब्द म्हणणार नाही. पण लग्नाच्या आठवडाभर आधी कॅप्सूल फोडून पहिल्यांदाच चेहऱ्याला लावणाऱ्या बहिणींनी आधी कानामागे थोडं लावून दोन दिवस वाट पाहावी, हे नक्की म्हणेन.

गोळीचा काहीच उपयोग नाही असंही नाही. यकृतात चरबी साठून सूज आलेल्या, पण मधुमेह नसलेल्या रुग्णांना दोन वर्षांच्या जवळपास ८०० युनिट देऊन पाहिलं तेव्हा बऱ्याच जणांच्या यकृताची सूज उतरली. हा अभ्यास २०१० चा. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आमच्या धंद्यात फॅटी लिव्हरचे अहवाल घेऊन फिरणारे कमी नाहीत, त्यांना कदाचित डॉक्टर हे लिहूनही देतील. ते उपचार म्हणून, ठरावीक मुदतीसाठी, तपासण्या करत. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नाही.

आमच्या घरी आता साधा हिशोब चालतो. तेल एकच ठेवत नाही. भाजीला फल्लीचं, पोळ्या-पराठ्यांना करडीचं किंवा सूर्यफुलाचं, माणशी दिवसाला चार छोटे चमचे, म्हणजे अंदाजे २० ग्रॅम. दोन्ही तेलं निम्मी निम्मी धरली तर साडेपाच मिलिग्रॅम, मूठभर दाण्यांचे अडीच, पोळ्यांचे दीड. पालक असेल त्या दिवशी आणखी दीड-दोन. दहाच्या वर गेलो, बदामाला हात न लावता. बदाम परवडत असतील तर आठ-दहा खावेत, ताकद फक्त त्यांतच असते असं मात्र नाही. फल्लीदाणे घेताना बुरशी लागलेले, सुरकुतलेले दाणे निवडून फेकून द्यावेत. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते यकृताला घातक आणि भाजूनही पुरतं जात नाही. दाण्यांची अॅलर्जी असलेल्या मुलांना अर्थातच सूर्यफुलाच्या बिया.

आणि पातळ भाजी बाहेर राहणाऱ्या मुलांना येत नाही असं आई म्हणते, म्हणून तिची रीत देऊन ठेवतो. मूठभर फल्लीदाणे आणि तेवढीच चण्याची डाळ दोन तास भिजवून शिजवायची. एक जुडी पालक आणि त्याच्या निम्मा आंबट चुका बारीक चिरून वेगळा शिजवून घोटायचा, त्यात दोन चमचे बेसन पाण्यात कालवून घालायचं. डाळ-दाणे, हळद, मीठ, गुळाचा लहानसा खडा टाकून एक उकळी. मग फल्लीच्या तेलात मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची आणि ठेचलेला भरपूर लसूण अशी फोडणी भाजीवर ओतायची. ताटात वाढल्यावर वरून चमचाभर लसूण आणि लाल तिखटाची वेगळी फोडणी, सोबत ज्वारीची भाकर. जेवण झाल्यावर संत्रा असेल तर सोलून खावा. बिया काढायचा कंटाळा आला तर रस काढा, पण साखर घालू नका.